मधली तबकडी

भाऊजी, तुम्हाला जाऊन सोळा दिवस झाले आणि दुकानातली घड्याळं अजून चालू आहेत. तुमची सुशीला रोज सकाळी जाऊन सगळ्यांना चावी देऊन येते. मला म्हणाली, "जाऊबाई, बंद पडलेली बघवत नाय." म्हटलं, दे बाई. पण त्यातली दोन घड्याळं एकमेकांशी जुळत असतील तर शपथ. तुम्ही होतात तेव्हा तरी कुठे जुळत होती? गिऱ्हाइकानं विचारलं, "यशवंतशेठ, खरी वेळ कंच्या घड्याळात हाय?" की तुम्ही खुशाल रस्त्याकडे बोट करायचात. "ती खालापूरची यष्टी आली ना, मंजे साडेदहा."

लोक येतात, बसतात, चहा घेतात आणि म्हणतात, देवमाणूस होता. मी मान हलवते. मनात म्हणते, देवमाणूस कसला! एक नंबरचा हट्टी. दहा वेळा "उद्या या" सांगून गिऱ्हाइकाला रडकुंडीला आणणारा, जेवायला हाक मारली की "आलो" म्हणून तासभर न येणारा. मी तुमची थोरली वहिनी. या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेची चड्डी घालत होतात. तुमच्याबद्दल गोडगोड खोटं बोलायचं मला जमायचं नाही. एकदाच बोलले होते तुमच्याशी खोटं, आणि ते चौदा वर्षं घशात अडकून बसलंय. आज तेच सांगायला बसले आहे.

डॉक्टरांची ती बाटलीच्या रंगाची विलायती गाडी आठवते ना? आठवत नसायला काय झालं! तारा जळून तिचे सगळे मीटर काळेठिक्कर पडले होते. वेगाचा, पेट्रोलचा, बॅटरीचा, ऑइलचा आणि इंजिनाच्या तापाचा. काटे वाकडे, तबकड्यांवरचे आकडे पार गेलेले. बाहेरचा माल यायचा बंद, गॅरेजवाले म्हणाले भंगारात घाला. डॉक्टरांना तर खोपोलीहून घाट चढून वर रोग्यांना बघायला जावं लागायचं. मीटरशिवाय घाट चढणं म्हणजे आंधळ्यानं विहिरीच्या काठानं चालणं. मग ते आले तुमच्या दुकानात. म्हणाले, "यशवंता, काटे तुझे, चाकं तुझी. तूच काहीतरी कर."

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, साहेब, मी घड्याळजी, मोटारीत मला काय कळतं! तुम्ही म्हणालात, "आठ दिवस द्या." मोटारीत तोवर दोनदा बसला असाल, तेही लग्नाच्या वऱ्हाडात. तुमचा हा आत्मविश्वास बघून मला तेव्हाही राग आला होता, आणि आता आठवला तरी हसू येतं.

त्या आठ दिवसांचे अडीच महिने झाले ते सोडा. सागवानी फळीला पाच गोल भोकं तुम्ही स्वतः पाडलीत. भंगारातल्या भिंतीवरच्या घड्याळांचे काटे कापून मीटरचे काटे केलेत. जस्ताच्या पत्र्याच्या तबकड्या कापल्यात आणि त्यांना काळा रंग दिलात. मग एक दिवस दुपारी घरी आलात, माझ्यापुढे ती मोठी तबकडी ठेवलीत, शेजारी खारीच्या केसांचा बारीक कुंचला ठेवलात, आणि म्हणालात, "वयनी, आकडे काढा. डॉक्टरांना मराठी आकडे पायजेत."

तो कुंचला माझाच होता. माझ्या ट्रंकेतून सुशीलानं काढून दिला होता तुम्हाला, मला न विचारता.

तुम्हाला हे ठाऊक आहे, तरी सांगते. माझं माहेर पेणचं. काकांचा गणपतीचा कारखाना. बारा वर्षांची असल्यापासून मी मूर्तींची आखणी करायचे. आखणी म्हणजे डोळे काढणं. सगळी मूर्ती रंगवून झाली की शेवटी तेवढंच काम उरतं, आणि ते सगळ्यांना जमत नाही. लग्नानंतरही दर वर्षी दोन महिने काका मला बोलावून घ्यायचे. मग तुमचे दादा गेले. त्या वर्षी काकांचा निरोप आला, यंदापासून नको, देवाचे डोळे आहेत, विधवेनं काढले तर लोक नावं ठेवतात. कुंचले गुंडाळून ट्रंकेत टाकले. तीन वर्षं त्या ट्रंकेला हात लावला नाही. एकदा रांगोळीची चिमूट धरायला गेले तर हात लटलट कापायला लागला, तेव्हापासून रांगोळीही सोडली.

आणि तुम्ही म्हणताय, आकडे काढा.

मी म्हटलं, "भाऊजी, हात हलतो माझा."

"हलू दे की," तुम्ही म्हणालात. "काळा रंग डबाभर हाय माझ्याकडं. बिगडलं तर परत मारू. पन्नास येळा मारू. तुमाला कुठं पेणला जायाची घाई हाय?"

असं बोलणारा माणूस देवमाणूस असतो होय? मी रागानं कुंचला उचलला. पहिला चाळीसचा आकडा चार वेळा पुसला. पाचव्या वेळी हात थांबला. का थांबला ते मला माहीत नाही. पुढे तीन दिवस मी त्या एका तबकडीवर बसले होते. काळ्यावर सायीच्या रंगाचे आकडे, चाळीसपासून शंभरपर्यंत, प्रत्येक रेघ केसाएवढी. माझ्या हातानं तसं काम आधी कधी झालं नव्हतं. गणपतीच्या डोळ्यांचंसुद्धा नाही. देवाची माफी मागून लिहिते.

त्यावरून आपलं भांडण झालं ते वेगळंच. मी म्हणत होते, मध्ये वेगाची मोठी तबकडी ठेवा, सगळ्या गाड्यांना तशीच असते. तुम्ही म्हणालात, "घाटात वेग कुनाला पायजे? घाटात बघायचा तो ताप. मोठी तबकडी तापाची, आन् मधी." मी म्हटलं, लोक हसतील. तुम्ही म्हणालात, हसणारा घाटात गाडी ढकलताना दिसेल. हे भांडण आपण नंतर चौदा वर्षं केलं, दर दिवाळीला एकदा तरी. माझं मत अजून तेच आहे. मध्ये वेगच पाहिजे होता.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. टाळत होते.

तापाच्या मीटरचं जुनं यंत्र शाबूत होतं. केसासारखी बारीक तांब्याची नळी, तिच्या टोकाला बोंड. बोंड इंजिनाच्या पाण्यात बसतं, पाणी तापलं की काटा सरकतो. जुने आकडे जळून गेले होते, म्हणून घरं, म्हणजे आकड्यांच्या खुणा, तुम्हीच पाडलीत. बोंड कोमट पाण्यात घातलं, काटा जिथे थांबला तिथे चाळीस. उकळत्या पाण्यात घातलं, तिथे शंभर. मधली जागा तुम्ही कंपासनं सारखी वाटलीत. घड्याळजीच तुम्ही! घड्याळात सगळी मिनिटं सारखीच असतात, मग इथेही असणार. तुम्हाला शंकासुद्धा आली नाही. मोटारीचा कारागीर असता तर त्यानं हे केलं नसतं.

सगळं रंगवून वाळल्यावर डॉक्टरांनी कुठूनसा एक लांब काचेचा थर्मामीटर आणून दिला. म्हणाले, एकदा ताडून बघा. चुलीवर पातेलं चढवलं. बोंडही पाण्यात, थर्मामीटरही पाण्यात. थर्मामीटरवरच्या रेघा इतक्या बारीक की तुम्ही डोळ्याला भिंग लावून त्याच्यावर वाकलात. मला म्हणालात, "वयनी, तुमी काट्याकडं बघा. मी इकडचं सांगतो, तुमी तिकडचं सांगा."

"साठ," तुम्ही म्हणालात.

काटा बावन्नवर होता.

भाऊजी, मला स्पष्ट दिसत होतं. पण बावन्न म्हटलं की ती तबकडी पुसली जाणार होती. घरं नव्यानं पडणार, आकडे नव्यानं काढावे लागणार. आणि हात पुन्हा तसा थांबला नाही तर? हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. मी म्हटलं, "साठ."

"ऐंशी."

काटा एकाहत्तरवर. मी म्हटलं, "ऐंशी."

"शंभर." शंभरला तो शंभरवरच आला. तुम्ही भिंग काढलंत आणि लहान पोरासारखी टाळी वाजवलीत. मी पातेलं उतरवलं आणि चहा टाकला. एवढंच झालं.

पुढच्या रविवारी डॉक्टरांनी आपल्या दोघांना गाडीत घातलं आणि घाटाची चाचणी करायला निघाले. मी मागच्या गादीवर. डॉक्टरांचा नियम होता, काटा ऐंशीला आला की अर्ध्या घाटातल्या पाण्याच्या टाक्याशी थांबायचं, बॉनेट उघडायचं, इंजिन निवू द्यायचं. ट्रकवाले सगळे तिथेच थांबतात. आपण टाक्यापाशी आलो तेव्हा काटा एकाहत्तरवर होता. डॉक्टर खूश. "यशवंता, गाडी गार आहे रे! थांबायला नको." तुम्ही मागे वळून माझ्याकडे बघितलंत आणि मिशीत हसलात. मी खिडकीबाहेर बघत बसले. थांबा म्हणायला तोंड उघडलं होतं मी. परत मिटलं.

दोन वळणं वर गेलो आणि काटा एकदम धावायला लागला. ब्याऐंशी, नव्वद, बघता बघता शंभर. बॉनेटमधून वाफ. डॉक्टरांनी गाडी कडेला घेतली, आणि ते "थांब, थांब" म्हणेपर्यंत तुम्ही उतरून, हातात फडकं धरून इंजिनाच्या पाण्याच्या टाकीचं झाकण फिरवलं सुद्धा. मोटारीचा माणूस असं कधी करत नाही. घड्याळजी करतो, त्याला वाटतं उघडून बघितलं की कळेल.

उकळतं पाणी उसळलं आणि तुमचा उजवा हात भाजला, भाऊजी. मनगटापासून बोटांपर्यंत. तुम्ही ओरडलाही नाहीत, नुसते खाली बसलात. डॉक्टरांनी पाणी ओतलं, माझ्या पदराचा तुकडा फाडून बांधला. ते विचारत होते, मीटर असा कसा खोटा बोलला? आणि तुम्ही त्या अवस्थेत म्हणालात, "चूक माझी, डॉक्टर. घरं सारखी पाडली मी. तापाची घरं सारखी नसतात, ह्ये मला ठावं नव्हतं. वयनींनी मी दिलेल्या घरांवरच आकडे काढले."

मी तिथे, रस्त्याच्या कडेला, खरं बोलायला हवं होतं. ट्रक जात होते, आवाज होता, तुमचा हात होता, ही सगळी कारणं मी स्वतःला चौदा वर्षं देत आले. खरं कारण एकच, मला भीती वाटली.

दोन महिने हाताला पट्टी. दुकानात नाजूक काम बंद. मी दुसऱ्याच दिवशी तुमच्यापुढे तबकडी धरली आणि म्हटलं, पुसते, तुम्ही घरं पाडा, मी नवे आकडे काढते. तेव्हा माझा हात कापत होता हे तुम्ही बघितलंत. म्हणालात, "आकड्यांना हात लावायचा नाय."

"अहो, पण चुकलेत ना ते!"

"आकडे नाय चुकले. काटा चुकला. काट्याला चालायला शिकवू."

वेडाच माणूस, मी सुशीलाला म्हटलं. ती म्हणाली, त्यांचा हट्ट तुमाला नवा हाय का? आणि मग सुरू झाला तो प्रकार. टोल्यांच्या घड्याळात गोगलगाईच्या पाठीसारखी वळत गेलेली एक पितळी चकती असते, किती टोले पडायचे ते तिच्यावर ठरतं. तशीच एक चकती काट्याच्या मुळाशी बसवायची, म्हणजे काटा खाली भरभर सरकेल आणि वर दमानं. डोकं तुमचं, पण हात बांधलेला. मग माझ्या हातात कानस दिलीत. मी जन्मात कधी पितळ घासलं नव्हतं. तुम्ही समोर बसून सांगायचात, "थोडं. अजून थोडं. बास, बास! काय भाकरी थापताय का?" एक चकती वाया, दुसरी वाया. तुम्ही शिव्या द्यायचात, मी उलट बोलायचे. सुशीला दोघांनाही गप्प करायची. सातवी चकती जमली. ती बसवताना मात्र तुम्ही मला दुकानाच्या मागे पिटाळलंत. "वयनी, चा टाका." तबकडी मागून उघडायची ती फक्त तुम्ही, हा तुमचा कायदाच झाला पुढे.

पुन्हा पातेलं चढलं. या वेळी काट्याकडे तुम्ही बघितलंत आणि थर्मामीटर माझ्या हातात दिलात. मला ते तेव्हा खटकलं नाही. साठला साठ. ऐंशीला ऐंशी.

ती गाडी पुढे चौदा वर्षं घाट चढली, उतरली, एकदाही उकळली नाही. टाक्यापाशी काटा ऐंशीला यायचा आणि डॉक्टर थांबायचे. गाडी बघून इतर लोक आले. कुणाचा मीटर, कुणाचं मोठं घड्याळ, कारखान्यातल्या कुणाकुणाच्या तबकड्या. आकडे काढायला मी दुकानात यायला लागले ते कायमची. लोक बोलले असतील. तुम्ही मला कधी कळू दिलं नाहीत. पाच वर्षांनी पेणहून काकांचा निरोप आला, आखणीला ये, तुझ्यासारखा हात नाही. तुम्ही निरोप्याला सांगितलंत, "वयनींना सवड नाय." मला विचारलंसुद्धा नाहीत! मी दोन दिवस बोलले नव्हते तुमच्याशी. पण मनातून इतकी खूश होते म्हणून सांगू.

परवा डॉक्टरांचा माणूस आला होता. गाडी विकली त्यांनी, आता डोळ्यांनी नीट दिसत नाही. पण फळी काढून ठेवली. म्हणाले, ही यशवंताच्या घरी द्या. सागवान अजून चकचकीत आहे. पाचही तबकड्यांवर माझे आकडे, एकही उडालेला नाही. मधल्या काचेला मात्र तडा गेला होता. म्हटलं काच बदलावी. तुमच्या टेबलावर बसले, तुमचा छोटा पेचकस घेतला आणि पहिल्यांदाच ती तबकडी मागून उघडली.

तुमची सवय मी विसरलेच होते. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आत तुम्ही सुईनं बारीक नोंद कोरायचात. काय बिघडलं होतं, काय केलं. कुणालाही दिसत नाही, फक्त पुढच्या उघडणाऱ्याला दिसतं. म्हणायचात, "नोंद नाय तर झाकन लावायचं नाय."

तबकडीच्या मागे नोंद होती. अक्षर वेडंवाकडं, पहिलीतल्या पोरासारखं. डाव्या हातानं कोरलेलं. म्हणजे उजव्याला पट्टी होती तेव्हाच. तुमचं भिंग लावून वाचलं.

"६० ला ५२. ८० ला ७१. वयनीला दिसत व्हतं. आकडे चांगले. काटा सुधारणे."

आधी रागच आला, भाऊजी. खरं सांगते. म्हणजे तुम्ही डाव्या हातानं पुन्हा पातेलं चढवून, एकट्यानं, सगळं ताडून बघितलं होतंत! तुम्हाला माहीत होतं. चौदा वर्षं मी दिवाळीत तुमच्या पानात करंजी वाढताना तुमच्या त्या हातावरचा डाग बघायचे आणि आत जाऊन डोळे पुसायचे. आणि तुम्ही समोर बसून "मधी ताप की मधी वेग" करत भांडत होतात! एकदा तरी म्हणायचंत. मी पायावर डोकं ठेवलं असतं. हातावर ठेवलं असतं.

सुशीला चावी द्यायला आली, तिनं माझ्याकडे बघितलं आणि घड्याळांकडे वळली. मी हिशोब लावत होते. तबकडी पुसली नाहीत, कारण ती पुसली असती तर मी पुन्हा कुंचला धरला नसता, हे तुम्हाला माझ्या आधी कळलं होतं. आणि माझं खोटं दुरुस्त करायला कानस दिलीत ती माझ्याच हातात. सात चकत्या माझ्याकडून घासून घेतल्यात. शिव्या देऊन. मला वाटलं मी तुमचं काम करतेय.

नोंदीच्या खाली बोटभर जागा रिकामी होती. तुमच्या खणातली सुई घेतली. नवी काच बसवली होती, फक्त झाकण लावायचं राहिलं होतं, आणि नोंद नाही तर झाकण लावायचं नाही. मी कोरलं:

"होय. दिसत होतं."

हात जरासुद्धा हलला नाही, भाऊजी.